नवरदेवाला स्थळ

"अहो, नर आहे की मादी, तेवढं सांगा ना!" सापकाका फोनवर जवळजवळ ओरडलेच.

पलीकडच्या डॉक्टरांनी बघून येतो म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवला. काका ताटकळले.

प्राणिसंग्रहालयातले साप काकाच सांभाळत. त्यांच्याकडे तांबूस पट्ट्यांचा एक डोंगरी साप होता. धरण झाल्यावर ही जात रानातून नाहीशी झाली. उरली असेल ती पिंजऱ्यांत. पण कोणाच्या, हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. जात टिकवायची तर मादी हवी, आणि ती शोधता शोधता काकांच्या नाकी नऊ आले होते. एका संग्रहालयात पाटी होती, साप नव्हता. दुसरीकडे साप होता, पण भलत्याच जातीचा. बाकी सगळीकडे एकच उत्तर, "होता, मेला."

आणि आज, या आडबाजूच्या लहानशा संग्रहालयात, एक जिवंत सापडला होता.

"नर आहे," डॉक्टर परत येऊन म्हणाले.

काकांनी कपाळाला हात लावला.

"पण घेऊन जा की. आमचं बंद होतंय. इथे त्याला कोणी बघायचं?"

"दोन नर ठेवून काय झुंजी लावू?" काका वैतागले आणि त्यांनी फोन आपटला.

घरी बायकोला चेष्टा सुचत होती. "पोरीच्या लग्नाला एवढी स्थळं पाहिली नाहीत तुम्ही."

"हसू नकोस. त्याने खाणं टाकलंय. झुरतोय बिचारा."

"झुरतोय म्हणे! फोटोत तर चांगला गरगरीत दिसतो."

"पडून पडून सुटलाय."

काकांनी त्याला तळहाताएवढा असल्यापासून वाढवलं होतं. पिंजऱ्यावरच्या पाटीवर 'नर' हा शब्दही त्यांनीच रंगवला होता. तेव्हापासून झाडूवालीपासून साहेबांपर्यंत तो सगळ्यांचा नवरदेव.

आणखी काही आठवडे फोन झाले. सगळी दारं बंद. साहेब म्हणाले, "काका, आता पुरे." काकांनाही ते डॉक्टर राहून राहून आठवत होते. मादी नाही तर नाही, शेजारच्या पिंजऱ्यात का होईना, त्या दुसऱ्या जिवाला आसरा तरी देता आला असता. त्यांनी राग गिळून पुन्हा नंबर फिरवला.

"गेला हो तो, परवाच," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याशिवाय कोणी विचारलंसुद्धा नाही."

आपण एवढं तोडून बोलायला नको होतं, असं काकांना मनापासून वाटलं. आता या जातीचा एकटा आपला नवरदेवच उरला.

ते पाणी बदलायला पिंजऱ्याकडे गेले. नवरदेव कोपऱ्यात घट्ट वेटोळं घालून बसला होता. आज तो त्यांच्यावरही फुत्कारला. काकांनी लांब आकडीने वेटोळं हलकेच बाजूला सारलं.

खाली पांढरी, मऊ, एकमेकांना चिकटलेली अंडी होती.