उतरायची जागा

एकाहत्तर वर्षांच्या ओदीलचा भिंतीवरून पार्कूरच्या उड्या मारतानाचा व्हिडिओ शेजारणीने ओदीलच्या मुलाला, फाब्रीसला, पाठवला आणि त्याच आठवड्यात शनिवारी तो लील शहरातून आईच्या गावी, एव्रीला येऊन थडकला. आई इमारतीखालच्या चौकातच सापडली. गुडघाभर उंचीच्या कठड्यावर हात फिरवून ती एखादा दगड सैल नाही ना, ते बघत होती. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत आली. ती पुढे जाईपर्यंत ओदील थांबली आणि मगच कठड्यावर चढली.

"आई, उतर खाली! पार्कूर म्हणे! पोरांची थेरं आहेत ही. पडशील!"

"पडणारच. पडायचं कसं आणि उठायचं कसं, तेच तर शिकतेय."

"पण कशाला? या वयात घरात शांत बसावं माणसानं."

"बसले होते की. फेब्रुवारीत स्वयंपाकघरात पाय घसरला, तर दीड दिवस फरशीवर पडून होते. उठताच येईना."

फाब्रीसचा चेहरा पडला. "मला का नाही कळवलंस?"

"त्या रविवारी तुझा फोन आला होता. बाहेरच्या खोलीत वाजत होता, मी फरशीवरून ऐकत होते. वाजून वाजून बंद झाला. तू पुन्हा केला नाहीस."

पुढे होऊन त्याने आधाराला हात दिला. ओदीलने तो धरला नाही.

"बाजूला हो," ती म्हणाली. "मी जिथे उतरणार आहे, नेमका तिथे उभा आहेस तू."