लाइन बिघडलीय

राजवट कोसळली त्या दिवशी चौक माणसांनी फुलला होता. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ताईंची धाकटी बहीण त्या गर्दीतच होती. अकराला सेनापतींचा फोन आला. "छावणी जोडा, बाई. चौकात गोळीबाराचा हुकूम द्यायचाय." बावीस वर्षांत ताईंनी कुणाचा कॉल अडवला नव्हता. बोर्डावरच्या छावणीच्या खाचेपाशी नेलेली वायर त्यांनी मागे घेतली. "लाइन बिघडलीय, साहेब." "दुरुस्त करा!" "माणूस पाठवलाय." माणूसबिणूस कुणी नव्हता. सेनापती दर पाच मिनिटांनी ओरडत राहिले, ताई माफी मागत राहिल्या. मुठीतली वायर घामाने ओली झाली. बाराला बोर्डावर छावणीचाच दिवा लागला. ताईंनी कॉल घेतला. पलीकडे छावणीचे कॅप्टन होते. "आमच्यासाठी काही हुकूम?" "नाही, साहेब." "लाइन चालू आहे ना, ताई?" "सकाळपासून बंद आहे, साहेब." "मग बंदच असू द्या," कॅप्टन हळूच म्हणाले.