सासूबाईंचं तळघर

फिनलंडनं नाटोत जावं या मागणीच्या अर्जावर मीही सही केली होती, माझ्या तान्ह्या लेकीला, हिल्लाला पाजता पाजता, फोनवरच. दोन मिनिटंही लागली नाहीत. पुढच्या वर्षी रशियाची सीमा बंद झाली. सासूबाई आमच्या इमात्रा गावापासून सात किलोमीटरवर, रशियाच्या बाजूला राहतात. दर रविवारी कोबीचे पाव घेऊन बसनं येणाऱ्या त्या, आता फक्त फोनवर दिसतात. सहीचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कालही त्यांचं तेच, युद्धाच्या तयारीचं, सुरू होतं. "पाणी भरून ठेवलंस का? तळघरात पोरीला थंडी वाजेल, लोकरीचे मोजे आधीच नेऊन ठेव. माझ्या लेकाच्या भरवशावर राहू नकोस, तो स्वतःचेच विसरेल!"

"सगळं ठेवलंय, आई. रेडिओसुद्धा."

मग मला राहवेना. "पण आई, काही झालंच तर तुम्ही कुठे जाल? तुमच्या इमारतीला तळघर आहे का?"

त्या खळखळून हसल्या.



"मला कशाला गं तळघर? माझ्यावर काही आलंच तर ते तुमच्याच बाजूनं येणार. आणि तिथे तू आहेस ना!"