मिक्सरची हाक

कोणाकडे कोण आलं, किती राहिलं याची इत्थंभूत खबर ठेवणाऱ्या तळमजल्यावरच्या आगाशेकाकू वर येऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मंजिरी माफी मागायच्या तयारीनेच पुढे झाली. स्वमग्न लेकीच्या किंकाळ्यांपायी आधीचं घर सोडावं लागलं होतं.

“शालू माझ्या मिक्सरला घाबरते ना? बाई, आधी बोलायचं नाही का? उद्यापासून हाक मारून लावीन. माझ्या चटणीचं काही अडत नाही.”

मग रोज खालून “शालू, लावते गं” आलं, की शालू कान झाकून निवांत बसायची.

एका एकादशीला हाकच आली नाही. बेचैन शालू गॅलरीत गेली. घराबाहेर कधी कोणाला हाक न मारणारी ती पोर खाली वाकून म्हणाली, “काकू, लावा.”

मंजिरीची पोळी तव्यावर करपली.

“अगं, आज उपास माझा,” काकू खालून म्हणाल्या. पाठोपाठ रिकामं भांडं घरघरलं.