नवे रुग्ण घेता का?

"आता काय राहिलं, मॅडम?" डॉक्टर रॅट्लिफ काचेच्या खिडकीत वाकले. डोंगरातून तीन तास गाडी हाकत आले होते. हॅट छातीशी धरली होती.

राज्याच्या मेडिकेड कचेरीत दवाखान्यांचे नोंदणी-अर्ज ओलेटा तपासायची. तिचा शिक्का पडला, तरच गरिबांचं सरकारी कार्ड त्या दवाखान्यात चालायचं. या दातांच्या डॉक्टरांचा अर्ज दोनदा परत गेला होता. एकदा पत्त्याच्या जागी टपालपेटीचा नंबर होता. त्यांच्या खोऱ्यात रस्त्यांची नावं कुणाला आठवतात? दुसऱ्यांदा सही बायकोची होती. चुका खऱ्याच होत्या. त्या शोधताना ओलेटाला लागलेली गोडी मात्र कुठल्या नियमात नव्हती.

"खाण बंद पडली. माझी चांगली चांगली गिऱ्हाइकं कार्डावर आली," डॉक्टर म्हणाले. "नोंदणी झाली नाही तर जूनमध्ये कुलूप."

कुलूप. ओलेटाने तो शब्द खडीसाखरेसारखा जिभेवर घोळवला.

बावीस वर्षांपूर्वी ती याच माणसाच्या दारात आईचा कोट धरून उभी होती. आईचा गाल सुजून डोळा मिटला होता. "बाई, ही खुर्ची कार्डवाल्यांसाठी नाही," तो म्हणाला होता. आईने घरी पकडीने दात उपटला. मग पू झाला, ताप भरला, पुढचे सगळे दात गेले. तोवर ती ओसरीवर गायला बसली की अख्खं खोरं ऐकायचं. कुणी पाप केलं की आई त्याचं गाणं रचायची, नावानिशी. थडग्यावरची अक्षरं पुसली तरी ते नाव लोकांच्या ओठी राहायचं. दात गेले आणि शब्द नुसते वारा होऊन निसटायला लागले. आता आई तळहाताआड हसते. गात नाही.

अर्ज परत पाठवायचा शिक्का ओलेटाच्या बोटांत होता.

"एक चौकट रिकामी आहे. नवे रुग्ण घेता का?"

"माझी जुनीच घेईन म्हणतो."

"कार्डावर जुनेही नवेच धरतात. आणि 'हो' लिहिलंत की निवडता येत नाही. दारात येईल त्याला खुर्ची."

डॉक्टरांनी हॅटकडे पाहिलं. मग 'हो' लिहिलं.

ओलेटाने हातातला शिक्का खाली ठेवला. दुसरा उचलला. मंजूर.

"देव तुमचं भलं करो, पोरी."

"सोमवारी आठ वाजता पहिला रुग्ण लिहून घ्या. आयसी स्प्रॅडलिन. कवळी बसवायची आहे."

डॉक्टरांचा हात थांबला. "ती गाणारी?"

"माझी आई," ओलेटा म्हणाली. "नीट बसवा. बावीस वर्षं तिच्याकडे एक गाणं तयार आहे. तुमचं नाव दर कडव्यात येतं."