सिंगापूरचा इलाज

"पेशंटकडे पेन मागणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या हाती हा बालाजीराव आपला मेंदू कदापि देणार नाही!" चेन्नईत अड्यारच्या घरी भर पंगतीत अशी घोषणा करून बालाजीराव हाताच्या थरथरीसाठी मेंदूवर इलाज करून घ्यायला सिंगापूरला गेले. त्या पंगतीत त्यांचे जावई कार्तिकेयही होते. ते तिथल्याच सरकारी इस्पितळात मेंदूचे डॉक्टर. त्यांनी शांतपणे आणखी थोडं सांबार वाढून घेतलं.

हात बराच स्थिरावला. मार्चमध्ये बालाजीराव बिलांची पिशवी घेऊन ऑडिटरकडे गेले.

"टॅक्समध्ये सवलत मागू या की सर," ऑडिटर म्हणाला. "फक्त आजार खरा आहे, असं सरकारी इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरने फॉर्मवर लिहून द्यायला हवं."

दुसऱ्या दिवशी बालाजीराव केसपेपर काढून मुकाट्याने रांगेत बसले. नंबर लागल्यावर आत जाऊन त्यांनी फॉर्म हळूच पुढे सरकवला.

"जावईबापू, एवढी एक सही..."

"अवश्य, मामा. घरचंच काम." कार्तिकेयांनी फॉर्म नीट वाचला, दोन्ही खिसे चाचपले आणि अदबीने हात पुढे केला.

"जरा तुमचं पेन देता?"