न दुखणारी उसवण

शिंप्याने आ वासला, तशी दातांची डॉक्टरीण आरसा आत घालून हिरड्या न्याहाळू लागली.

"हिरड्या दातांपासून सुटत चालल्यात, काका. रक्त येत नव्हतं?"

"येत होतं की. पण दुखत नव्हतं, म्हटलं चालतंय तोवर चालू दे."

"हा आजार दुखत नाही, तिथंच तर माणूस फसतो."

"म्हणजे शिवण उसवत गेली," शिंपी हसला, "आणि घालणाऱ्याला पत्ता नाही!"

"अगदी तसंच. मुळापर्यंत साफ करू, दात वाचतील. पण तोंडाला वास येतोय. आपला आपल्याला कळत नाही, घरच्यांना आधी कळतो. काकू कधी बोलल्या नाहीत?"

"ती कुणाचं मन दुखवत नाही," तो अभिमानाने म्हणाला.

घरी आल्यावर मात्र त्याला राहवेना. बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. त्याने दारातूनच विचारलं, "काय गं, माझ्या तोंडाला वास येत होता म्हणे. इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

ती वळली. तिला खरंच नवल वाटलं होतं.

"अहो, तुम्ही नेहमी इतक्या लांबून बोलता, मला कसा कळणार?"